यांच्यात असेल

टोप म्हणजे डोक्यावर घालायचा नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या दुकानावर पाटी होती, 'येथे टोप भाड्याने मिळतील', आणि ती वाचून एकदा माणिकपूरच्या कुठल्याशा हौशी नाटकमंडळीचा माणूस आत शिरला. त्याला नारदासाठी केसांचा टोप हवा होता. मी त्याला भाताचा दाखवला. त्याने तो डोक्याशी धरून बघितला, नाही असं नाही, पण मग 'जरा मोठा होतो' म्हणून ठेवून गेला.

तर आमचे टोप स्वयंपाकाचे. लग्न, मुंज, गणपती, नाताळ, छठपूजा, दिवसकार्य, काही असो, घरी रोजच्यापेक्षा जास्त माणसं जेवायला आली की मोठं भांडं लागतं, आणि ते कोणी विकत घेऊन ठेवत नाही. ठेवणार कुठे? आमच्याकडच्या खोल्यांत माणसं ठेवायलाच जागा नव्हती. म्हणून आम्ही. टोप, पराती, कढया, झारे, पाण्याची पिंपं, सतरंज्या, सगळं भाड्याने. शिवाय आमचे हे बांबू-ताडपत्रीचा लहानसा मंडप घालून द्यायचे, झालरीसकट. लोक मला टोपवाली काकू म्हणायचे. माझं नाव सुमती आहे, पण ते रेशनकार्डाबाहेर फारसं वापरलं गेलं नाही.

दुकान होतं नायगावच्या खाडीवर, रेतीबंदरात. हे नाव नकाशात शोधू नका. खाडीतून काढलेली रेती होड्यांतून जिथे उतरायची, त्या धक्क्यामागे जी वस्ती वाढली तिला सगळे तसं म्हणायचे. मूळचे म्हणाल तर कोळी आणि मिठागरातली माणसं. जरा आत गेलं की वाड्यांमधली ख्रिस्ती शेतकरी कुटुंबं. मग आम्ही, म्हणजे मुंबईच्या खोलीत मावेनासे झालेले कोकणातले लोक, भराव घातलेल्या जमिनीवरच्या बैठ्या चाळींत येऊन राहिलेले. आणि मग रेती काढायला आलेले बिहारकडचे, यूपीकडचे. मूळचे लोक आम्हाला बाहेरचे म्हणायचे. आम्हाला तिथे दोन-चार पावसाळे झाले आणि आम्ही त्या रेतीवाल्यांना बाहेरचे म्हणायला लागलो. तेवढ्यावरून कळलं की आम्ही आता इथले झालो.

धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे वास. मासळीचे टोप वेगळे, बिनमासळीचे वेगळे, गोडाचे आणखी वेगळे. बिनमासळीच्या टोपाला कड्याखाली हिरवा ठिपका, गोडाच्याला पिवळा. मासळीच्याला काही नाही, तिथे नाक पुरे. चिंच लावा, राखेने घासा, उन्हात पालथे घाला, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यातला बोंबलाचा वास जात नाही, जरा मागे सरतो इतकंच. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठची आई प्रत्येक टोपात डोकं घालून हुंगायची. एकदा मी तिला बाजारातून त्याच दिवशी आणलेला, वरचा कागदही न काढलेला टोप दिला. तिने कागद काढून आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाली, "सुरमई." याच्या उलट वाडीतली फिलूबाय. नाताळात मटणाला टोप न्यायला आली की म्हणायची, "काकू, नवा नको गं. मुरलेला दे."

परत आलेल्या टोपाच्या बुडावरून घर कळतं. कोणी आरशासारखा घासून आणतं, कोणी खरवड तशीच ठेवून वर झाकण घालून आणतं आणि झाकण उघडायच्या आत निघून जातं. उन्हाळ्यात कोणाकडे काही कार्य नसतानाही सगळे टोप बाहेर असायचे, कारण टँकर कधी येईल सांगता यायचं नाही आणि आला की मिळेल त्यात पाणी भरायचं. लग्नाच्या सीझनला टोप आणि पाणी एकदम लागायचं, तेव्हा काय व्हायचं ते विचारू नका.

आणि दुसरी गोष्ट, म्हणजे नियमच म्हणा. अशा सरमिसळ वस्तीत कोणी काही मागितलं तर 'कशाला?' म्हणून विचारायचं नाही. कोणी लग्नाला मुसळ मागायचं. कोणी म्हणायचं पिंप दारातच ठेवा, आत नको. कोणी म्हणायचं मंडपाला दक्षिणेकडून वाट नको, मग आमचे हे बांधलेले बांबू सोडून पुन्हा बांधायचे. ते फार बोलणारे नव्हेत. डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "यांच्यात असेल." मग मीही म्हणायचे, यांच्यात असेल. या दोन शब्दांवर आमचा संसार चालला म्हणायला हरकत नाही. एकदा एका गृहस्थाने सगळे टोप झाकणाशिवाय नेले. मी म्हटलं, यांच्यात असेल. तो संध्याकाळी धापा टाकत आला. झाकणं विसरला होता.

आता जे सांगायचंय ते सांगते. ते याच दोन शब्दांचं आहे.

आमच्या दुकानाशेजारी हिराबाईचं अंगण. हिराबाई कोळीण, धक्क्यावर मासळी घ्यायची, काही विकायची, उरलेली दोऱ्यांवर वाळत घालायची. आवाज असा की ती शेजारणीशी बोलली तर समोरच्या किनाऱ्यावरचा माणूस मान वर करायचा. तिच्या होडीचा नांगर एकदा दोर तुटून तळाला गेला. रेती काढणाऱ्यांत लखन म्हणून एक पोरगा होता, त्याने बुडी मारून तो शोधून दिला. या लोकांचं कामच ते. होडी खाडीच्या मधे उभी करायची, तळात बांबू रोवायचा, बांबूला धरून खाली जायचं, श्वास कोंडून बादली रेतीने भरायची, वरच्यांनी ती ओढून घ्यायची. दिवसभर तेच. त्याला डुबी म्हणत. कानांत कायमचे दडे, डोळे लाल. लखनशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, त्यामुळे त्याचं आणि हिराबाईचं चांगलं जमलं.

नारळीपौर्णिमेला कोळ्यांची धक्क्यावर पूजा चाललेली, तेव्हा लखन येऊन हिराबाईपुढे मनगट धरून उभा राहिला. "दीदी, आज राखी है. हमार बहिन गाँव में है."

"काय म्हनतो ह्यो?" हिराबाईने मला विचारलं. तिला हिंदी येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती.

मी सांगितलं.

"आता राखी कुठून आनू मेल्या!" असं म्हणून तिने कमरेला लावलेला जाळं शिवायचा दोरा तोडला आणि त्याच्या मनगटाला कोळ्यांची गाठ मारली. ती गाठ पाण्यात सुटत नाही. लखन वर्षभर ती घेऊन बुड्या मारत होता.

मग एक दिवस लखन बांबूला धरून खाली गेला. बादली वर आली, लखन आला नाही.

सगळ्या कोळ्यांनी होड्या काढल्या. भरती-ओहोटी बघून पार खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. सापडला नाही. त्याची बायको फूलमती तेव्हा पोटुशी होती. पुढे तिला मुलगी झाली, पण घर दुःखात, त्यामुळे जन्माचं असं काहीच झालं नाही. पोरीला नावसुद्धा नव्हतं. बबुनी म्हणायचे, म्हणजे नुसतंच 'बाळी'. हिराबाईने फूलमतीला आपल्या अंगणात बोंबील वाळत घालायच्या कामाला ठेवलं. पोर दोऱ्यांखाली गोधडीवर निजायची.

असे दिवस गेले आणि लखनचा थोरला भाऊ गावाहून आला, रामदुलार नावाचा. गंभीर माणूस, गालात तंबाखू. माझ्या दुकानात येऊन उभा राहिला.

"काकी, इतवार को बरसी है. बर्तन चाहिए. और छोटासा मंडप."

आता तुम्हाला म्हणून सांगते, बरसी म्हणजे त्यांच्याकडे वर्षश्राद्ध. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला ऐकू आलं ते बारसं. घरात बिननावाचं मूल, समोर त्याचा काका, तोंडात तंबाखू. तुम्हाला काय ऐकू आलं असतं?

"अरे वा!" मी म्हटलं. "बहोत अच्छा किया. देर हुआ, लेकिन करना चाहिए."

"करना तो पडेगा, काकी."

"मीठा क्या बनायेगा?"

"खीर-पूडी."

"गाना-बिना?"

त्याने तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "जो बोलना है, पंडितजी बोलेंगे."

बारशाला पंडितजी गाणार म्हणजे थोर आहे, मी मनात म्हटलं. यांच्यात असेल. त्याला म्हटलं, "एक चीज मेरे तरफ से. किसी को बोलना मत." त्याने हात जोडले आणि गेला.

माझ्या मनात होता पाळणा. आमच्याकडे एक शिसवी पाळणा होता, चार कोपऱ्यांना लाकडी पोपट. तो बारशालाच भाड्याने जायचा. म्हटलं, बिनबापाची पोर, आपल्याकडून एवढं जावं.

त्याच दिवशी नळावर हिराबाई भेटली. तिचा चेहरा उतरलेला. म्हणाली, "रविवार झाला का फूलीला घेऊन चाललाय तो दीर. गावाला. तिला जायचं नाय."

"का गं? घरचे आहेत ना चांगले?"

"चांगले हायेत. पन ती म्हनते, तो हितंच पान्यात हाय, मी तिकडं जाऊन काय करू."

मी म्हटलं, "निदान बारसं करून नेतायत पोरीचं. रविवारी ये, मी सगळ्यांना सांगते."

आणि सांगितलंच. चाळीतल्या बायकांना सांगितलं, फिलूबायला सांगितलं. माझी सांगायची पद्धत अशी की न सांगितलेल्यांनाही कळतं.

रविवारी सकाळी आमचे हे हातगाडीवर सामान घालून पुढे गेले. उन्हं वर आल्यावर आम्ही बायका निघालो. हिराबाई हिरव्या लुगड्यात, अंबाड्यावर अबोलीचा हा एवढा वळेसर. फिलूबायने लोकरीची कानटोपी विणून आणलेली आणि रव्याचा केक केलेला. बाकीच्यांनी झबली, कुंच्या, चांदीचा वाळा, कोणी खुळखुळा. हसत-खिदळत आम्ही फूलमतीच्या खोलीशी पोचलो.

मंडपात पुरुष बसले होते. मुंडण केलेले. मधे पाटावर लखनचा फोटो, स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेलं विमान. फोटोला हार. पंडितजी दर्भ घेऊन बसलेले. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबी-पिवळी झालर, आणि फोटोच्या बरोबर मागे, चार पोपटांसकट, माझा पाळणा.

खुळखुळा कोणाच्या तरी हातून एकदा वाजला आणि थांबला.

फिलूबायने क्रूसाची खूण केली आणि केक पाठीमागे धरला. मी बाजूला जाऊन यांना गाठलं. ते शेवटची झालर बांधत होते.

"अहो, हे काय?"

"झालर," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही का हे काय चाललंय? हे श्राद्ध आहे!"

"दिसलं की."

"मग पाळणा कशाला टांगलात?"

"तू दिलास. मला वाटलं यांच्यात असेल."

तेवढ्यात रामदुलार उठून माझ्यापुढे आला. मला वाटलं आता हा ओरडणार, आणि त्याचं बरोबरच होतं. पण त्याने हात जोडले. हळू आवाजात विचारलं, "काकी, ई झूला… और आप सब बच्ची के लिए लेके आयी हैं… ये इधर का रिवाज है?"

म्हणजे बघा. सकाळपासून तो माणूस भावाच्या श्राद्धात पोपटांचा पाळणा बघत बसला होता आणि मनात म्हणत होता, यांच्यात असेल.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याच्या पाठीमागे खोलीचं दार होतं. दारात फूलमती पोरीला घेऊन बसलेली, पदर पार हनुवटीपर्यंत. आणि तिच्या शेजारी पत्र्याची ट्रंक, सुतळीने आवळून बांधलेली.

"हां," मी म्हटलं. "रिवाज है."

त्याने पंडितजींकडे बघितलं. पंडितजी हातातला दर्भ खाली ठेवून म्हणाले, "लोकाचार है. शास्त्र में मनाई नहीं." बरसी झाली म्हणजे सुतकाचं वर्ष संपलं, आता शुभकार्याला मोकळीक आहे, असंही त्यांनी समजावून सांगितलं. मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे. त्यांनी आधी पिंडदान वगैरे सगळं नीट पार पाडलं. आम्ही बायका कुंच्या मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलो. मग पंडितजी म्हणाले, "अब आपका जो है, वो कीजिए."

आमचं जे होतं ते करायला आत्या हवी. बारशाला नाव आत्या ठेवते, बाळाच्या कानात कुर्र करून. मी रामदुलारला विचारलं. तो म्हणाला, "बुआ तो गाँव में है."

हे एवढं हिराबाईला कसं कळलं देव जाणे. ती उठून उभी राहिली. "आत्या गावाला? मग मी कोन? दोरा बांदलाय मी त्याला. इचार कोनालापन."

विचारायची गरज नव्हती. तिथे बसलेल्या सगळ्या डुबीवाल्यांनी तो दोरा बघितला होता. त्यांनी माना डोलावल्या. फूलमतीने पोर हिराबाईच्या हातात दिली, हिराबाईने पाळण्यात ठेवली.

"काय म्हनतात ह्या कार्याला?" तिने मला कुजबुजत विचारलं. तिचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"बरसी," मी म्हटलं.

तिला वाटलं नाव ठरलेलं आहे. ती पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात दणदणीत म्हणाली, "कुर्र! बरसी!"

पंडितजींना ठसका लागला. मी घाईघाईने म्हटलं, "वर्षा! वर्षा! मराठी में वही होता है."

"वर्षा," पंडितजी पाणी पिऊन म्हणाले. "शुभ है."

आता आत्या नाव सांगायला वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही घातले. पण ते बघून पुढे बसलेला एक डुबीवाला उठला, त्याने फोटोला नमस्कार केला, पाळण्याला नमस्कार केला आणि हिराबाईच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याच्यामागे दुसरा. मग रांगच लागली. मुंडण केलेली, रेती उपसणारी दांडगी माणसं, एकेक जण डोळे मिटून, हात जोडून, मग धपाटा.

"मेल्यांनो, हलू!" हिराबाई ओरडली. "मासली हाय का मी!"

दारातल्या पदरामागे फूलमतीचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

जेवणं झाली. खीर-पूडी, आणि ज्यांना चालत होतं त्यांना फिलूबायचा केक. मग रामदुलार हात धुऊन आला आणि ट्रंकेकडे बघून म्हणाला, "तो काकी, कल की गाडी है."

हिराबाई पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. "काय म्हनतो?"

"उद्या नेणार म्हणतो."

हिराबाईने दोरी सोडली नाही. पोरीकडे बघत, चार माणसांत भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "त्याला सांग, खाडीनं ज्याला नेलं त्याचं पोर आत्यानं पालन्यात घातलं, का ते वरीसभर या पान्यावरून हलवायचं नाय. खाडी रागावते. सांग त्याला."

असा रिवाज मी कधी ऐकला नव्हता. हिराबाईनेही तो तोवर ऐकलेला नव्हता. मी हिंदीत सांगितला. माझं हिंदी असं की त्यात शंका घ्यायला जागा राहत नाही.

रामदुलारने खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "और बच्ची की माँ?"

मी मराठीत सांगितल्यावर हिराबाई एकदम उसळली. "आनि दूद कोन पाजनार? ह्यो?"

हे मी त्याला सांगितलं नाही, पण बोटाची दिशा बघून त्याला समजलं. त्याने पंडितजींकडे बघितलं. पंडितजी म्हणाले, "जल का मामला है. मान लो, भाई."

तेव्हा रामदुलार हिराबाईला म्हणाला, "आप लोगों ने उसको नाव निकालके ढूँढा था. हम तो पहुँचे भी नहीं थे. आप जो कहें." आणि स्वतः जाऊन ट्रंकेची सुतळी सोडायला लागला. गाठ घट्ट होती. फूलमतीने पुढे होऊन कोयत्याने कापली.

तो माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय. वर्ष झाल्यावर तो आला, सत्तूच्या पिठाची पिशवी घेऊन. हिराबाईने त्याला जेवू घातलं, बिनमासळीच्या टोपातलं, माझ्याकडून खास नेलेल्या. त्याने विचारलं, खाडीचा राग गेला का? हिराबाई म्हणाली, "अजून नाय." पुढच्या वर्षीही अजून नाही. मग तो विचारेनासा झाला, नुसता सत्तू घेऊन यायचा, पुतणीला खांद्यावर बसवून धक्क्यावर फिरवायचा आणि जायचा. त्याच्या अंगणात ती वाढली नाही, हे त्याचं गेलंच. ते काही आम्हाला भरून देता आलं नाही.

मी मात्र त्यानंतर धंद्यात एक सुधारणा केली. कोणीही ऑर्डर द्यायला आलं की आधी विचारायचे, "हसायचं की रडायचं?" बारावं, बारसं, बरसी, आणि त्यांच्याकडचं बारसं ते बरही, नावात मी पडेनाच. लोकांना सवय झाली. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला एक गृहस्थ तेवढा म्हणाला, "ते पुढे कळेल."

आणि एक झालं. दोनेक वर्षांनी असेल, धक्क्यावरच्या आणखी एका घरातला माणूस आला. म्हणाला, "काकी, बरसी है. बर्तन, मंडप, और झूला."

"झूला कशाला?" मी नियम विसरून विचारलं.

"इधर का रिवाज है ना."

मी यांच्याकडे बघितलं. हे बांबूला दोरी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "यांच्यात असेल."

तेव्हापासून पाळणा बरसीला जायला लागला. घरात तान्हं असेल तर ते ठेवायचे, नसेल तर शेजारचं आणून ठेवायचे. पुढे पुढे कोळ्यांच्या घरातूनही वर्षश्राद्धाला मागणी आली. आमच्या चाळीतल्या एका मालवणी काकांच्या वेळी त्यांच्या सुनेने मागितला, ती लग्न होऊन रेतीबंदरातच आलेली, तिने दुसरं काही बघितलंच नव्हतं. फिलूबायने तेवढा कधी नेला नाही. म्हणायची, "फादरना विचारावं लागेल," आणि विचारायची नाही. मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की मला ऐकू नीट आलं नव्हतं?

नंतर खाडीतली रेती बंद झाली. डुबीवाले कोणी परत गेले, कोणी रिक्षा घेतल्या, कोणी बिगारीला लागले, कारण तोवर नायगावात टॉवर उभे राहायला लागले होते. टॉवरला हॉल असतो, हॉलला केटरर असतो, केटररचे स्वतःचे टोप असतात, सगळे एकाच वासाचे. आमचे टोप हळूहळू भंगारात जायला लागले. वजनावर घेतात. मुरलेला आणि न मुरलेला असा फरक भंगारवाला करत नाही.

त्याच सुमाराला हिराबाई गेली. वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी वर्षा दुकानात आली. आता ती चांगली उंच, कॉलेजात जाणारी, ओढणी कमरेला आवळलेली. आईशी भोजपुरीत बोलते, मैत्रिणींशी हिंदीत, पण मराठी बोलायला लागली की डोळे मिटले तर हिराबाईच बोलतेय असं वाटतं.

सवयीने मी विचारलं, "हसायचं की रडायचं?"

"आत्याचं वरीस हाय, काकू. मोठे टोप धाड, मासलीचे. पान्याचे पिंप पन. सगला धक्का जेवनार हाय." मग म्हणाली, "आनि पालना."

हिराबाईच्या घरात तेव्हा तान्हं मूल नव्हतं. शेजारीपाजारीही कोणी आठवेना. मी म्हटलं, "अगं, पाळणा कशाला? ठेवणार कोणाला त्यात?"

ती माझ्याकडे बघायला लागली. नुकतंच रेतीबंदरात राहायला आलेलं एखादं माणूस काहीतरी विचारतं आणि आपण त्याला समजून घेतो, तसं.

"काकू," ती म्हणाली, "आपल्यात असतो."

आमच्या यांनी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून पाळणा काढला. एका पोपटाची चोच तुटली होती. झालर कुठली बांधू, म्हणून त्यांनी विचारलं नाही. गुलाबी-पिवळीच घेतली.